उंबरठ्याच्या आंत आलेलें कुत्रें

कुत्रें पाळणें आणि कुत्रें घरांत ठेवणें या दोन गोष्टी आपल्याकडे फार काळ एक नव्हत्या. पाळलेल्या कुत्र्याची जागा दारांत, खळ्यावर, मेंढरांच्या वाड्याभोंवतीं किंवा शिकाऱ्याच्या पायापाशीं असे; माजघराशीं त्याचा संबंध नसे. आज मात्र धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गांवींदेखील मुलांच्या हट्टापायीं एखादें पिलूं किंवा रस्त्यावरचें निराधार कुत्रें घरांत येतें, बैठकीच्या खोलींत निजतें, आणि दुसऱ्याच दिवशीं सर्व मंडळींपुढें प्रश्न उभा राहतो कीं, यानें मलमूत्रासाठीं कोठें जावें हें याला शिकवावयाचें कसें? प्रश्न क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. परंतु हौसेनें घरीं आणलेलें कुत्रें पुन्हां रस्त्यावर सोडून दिलें जातें, त्याच्या कारणांत हें एक नेहमीं ऐकूं येणारें कारण आहे. एका मुक्या प्राण्याचें सारें आयुष्य ज्या प्रश्नावर अवलंबून असतें, त्याला क्षुल्लक म्हणतां येत नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस थोडें इतिहासाकडे वळावेंसें वाटतें. कारण आमच्या मतें दोष बहुधा कुत्र्याचा नसतो. घर बदललें आणि कुत्र्याविषयींची आपली समजूत मात्र जुन्या घरांतलीच राहिली, हें या अडचणीचें मूळ आहे.

महाराष्ट्रांत मनुष्य व कुत्रें यांचा सहवास किती जुना आहे हें उत्खननांवरून कळतें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांच्या वस्तींत गाईबैल व शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर पाळीव कुत्र्याचींहि हाडें मिळालीं. १९७४ सालीं प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें ज्या धातूच्या मूर्ति सांपडल्या, त्यांत एक बैलांचा रथ आहे. रथांत मनुष्य उभा आहे, पुढें बैलांची जोडी आहे, आणि मधल्या लांब दांडीवर एक कुत्रें उभें आहे. या मूर्तींच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. पण कारागिरानें कुत्र्यास दिलेल्या जागेविषयीं मतभेदाला जागा नाहीं. तें मनुष्याबरोबर निघालें आहे, त्याच्या पुढें आहे आणि उघड्यावर आहे.

पुढें राजवटींचा काळ आला. आजचा धाराशिव जिल्हा ज्यांच्या राज्यांत होता ते राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत. हें लट्टलूर म्हणजे लातूर असें बहुतेक संशोधक मानतात, आणि लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. या घराण्यांतील तिसऱ्या कृष्णाच्या अमदानींत, शके ८७२ मध्यें, म्हणजे इ. स. ९४९-५० च्या सुमारास, म्हैसूर प्रांतांतील आतकूर येथें एक शिलालेख कोरला गेला. कृष्णाचा साह्यकर्ता गंगवंशी राजा बूतुग यानें मनलेर नांवाच्या आपल्या वीरास प्रसन्न होऊन हवें तें मागावयास सांगितलें, तेव्हां त्यानें राजाचें ‘काळि’ नांवाचें शिकारी कुत्रें मागून घेतलें. पुढें एका मोठ्या रानडुकराशीं झुंजतांना डुक्कर व कुत्रें दोन्हीं मेलीं, आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ देवळापाशीं दगड उभारून जमीन तोडून देण्यांत आली. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, उमरग्यापासून फारशा दूर नसलेल्या कल्याणीच्या गादीवर तिसरा सोमेश्वर हा चालुक्य राजा होता. त्यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत राजाच्या अनेक विनोदांबरोबर सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांचा खेळ, याचेंहि वर्णन आहे. कुत्र्याचें कौतुक या भूमीस नवें नाहीं. मात्र हें सारें कौतुक रानांत धांवणाऱ्या कुत्र्याचें आहे.

लोकधर्मानें कुत्र्याला याहूनहि मोठी पदवी दिली. श्रीदत्ताच्या पायांशीं कुत्रीं असतात, आणि खंडोबाबरोबर त्याचें कुत्रें असतें. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांत अणदूर व नळदुर्ग येथें खंडोबाचें मोठें ठाणें आहे. तेथील विशेष असा कीं देव एका जागीं बारा महिने राहत नाहीं. वर्षांतील सुमारें सव्वादहा महिने त्याचा मुक्काम अणदुरास आणि पावणेदोन महिने नळदुर्गानजीक मैलारपुरास असतो. पौषी पौर्णिमेस नळदुर्गाची यात्रा भरते. खंडोबाला वाहिलेला जो वाघ्या, त्याचें नांव वाघाचें, पण व्रत कुत्र्याचें. कांहीं ठिकाणीं वाघ्ये देवापुढें कुत्र्याप्रमाणें भुंकतात आणि कोटंब्यांत वाढलेलें अन्न कुत्र्याप्रमाणें तोंडानें खातात. धन्याच्या दारांत पडून राहणें, त्याच्या हातचें खाणें व त्याचें दार न सोडणें हें भक्तीचें रूप मानलें गेलें. पण येथेंहि कुत्र्याची जागा दारांतली आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. दार सोडूं नये हा त्याचा धर्म, आणि दार ओलांडूं नये ही त्याची मर्यादा.

ही मर्यादा कां पडली हेंहि उघड आहे. ज्या समाजानें कुत्र्याला देवाचा सोबती केलें, त्याच समाजानें सोंवळ्याच्या दृष्टीनें त्याला अमंगळ ठरविलें. कुत्रें शिवलेलें अन्न टाकून द्यावयाचें, हा घरोघरचा नियम होता. म्हणूनच नामदेवांची कथा लोकांच्या मनांत एवढी ठसली. कुत्र्यानें पोळी पळविली, तेव्हां नामदेव काठी न घेतां तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, कारण कोरडी पोळी त्याच्या घशाखालीं कशी उतरणार! ही कथा सांगणारे आणि ऐकणारे दोघेहि आपापल्या घरीं कुत्र्याला हाकलीतच होते. कथेचें नवल त्यांना वाटे तें त्यामुळेंच.

आतां घराकडे वळूं. या जिल्ह्यांतील जुनें घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचें माळवद, दरवाज्यालगत ढेलज, मध्यें चौक, चौकाभोंवतीं ओसरी व सोपा, आणि त्यापलीकडे माजघर व स्वयंपाकघर. जमीन शेणानें सारवलेली. सुखवस्तु घरांत शहाबादी फरशी. बाहेरचा मनुष्यदेखील नात्याप्रमाणें व मानाप्रमाणें ढेलजेंत थांबे, ओसरीवर बसे किंवा माजघरापर्यंत जाई. कुत्र्याची मजल ढेलजेपर्यंत. फार तर रात्रीं तें माळवदावर चढून राखण करी. सारवलेली जमीन ओल शोषते आणि वास धरून ठेवते. म्हणून कुत्र्यानें चौकांत पाऊल टाकलें कीं कोणीतरी काठी उगारीच. दाराबाहेर मात्र पाणंद, उकिरडा आणि शिवार सारें त्याला मोकळें होतें. कोठें जावें हें त्याला शिकविण्याचा प्रसंगच आला नाहीं, कारण चुकण्याची जागाच त्याच्या वाट्यास येत नव्हती. जुन्या घरांतल्या कुत्र्याची जी शिस्त आपण आठवतों, ती घराच्या रचनेनें लाविलेली होती. तींत माणसाची शिकवणूक थोडीच होती. धनगराच्या कुत्र्याचेंहि तसेंच. तें पिलूं असल्यापासून मेंढरांत वाढतें, उघड्यावर निजतें, आणि तळ हलला कीं तळाबरोबर हलतें. त्याच्या घराला भिंत नाहीं, म्हणून घराच्या आंतबाहेरचा प्रश्नहि नाहीं.

ही रचना हळूहळू बदलत होतीच. या जिल्ह्याच्या एका भागांत ती एका पहाटेंत बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर व आसपासचीं गांवें उध्वस्त केलीं. पिढ्यानुपिढ्या ज्यांनीं ऊन आणि थंडी अडविली, त्याच रुंद भिंती आणि तींच माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर दोन्हीं जिल्ह्यांतील बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि जमिनीच्या धारणेप्रमाणें कुटुंबांस २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचीं पक्कीं घरें मिळालीं. या आंखीव घरांत ना ढेलज, ना चौक. पुढें धाराशिव, तुळजापूर, उमरगा अशा गांवांतहि सिमेंटचीं घरें आणि सदनिका वाढल्या. २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव हें नांव अधिकृत झालें, तोंपर्यंत जुन्या वाड्यांचे दिवस सरत आले होते. दार उघडलें कीं एकदम बैठकीची खोली, आणि खालीं गुळगुळीत फरशी. अशा घरांत कुत्रें आणलें म्हणजे तें आंतच येणार. त्याला थांबावयास मधली जागा उरलेली नाहीं. ढेलज करीत असे तें काम आतां माणसालाच केलें पाहिजे, आणि त्यालाच आपण कुत्र्याला वळण लावणें म्हणतों.

या कामीं कुत्र्याचा स्वभाव आपल्याला अनुकूल आहे, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. कुत्र्याची मादी पहिले कांहीं आठवडे पिलांचें मलमूत्र स्वतः चाटून जागा स्वच्छ ठेवते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिलें चालूं लागलीं कीं तीं निजण्याची जागा सोडून थोडीं दूर जाऊन विधि उरकूं लागतात. म्हणजे आपला बिछाना घाण करूं नये ही बुद्धि त्यांना जन्मतःच आहे. अडचण एवढीच कीं आपलें सारें घर हा बिछान्याचाच विस्तार आहे हें पिलाला कळत नाहीं. तें ज्या कोपऱ्यांत निजतें तेवढेंच त्याचें घर. समोरची खोली त्याच्या लेखीं शिवारच. कुत्र्यास स्वच्छता शिकवावी लागत नाहीं. आपलें घर कोठपर्यंत आहे एवढेंच त्याला समजावून द्यावें लागतें.

हें समजावून देण्याची रीति सोपी आहे, परंतु तिला नेम हवा. पहिले कांहीं दिवस कुत्र्यास सारें घर मोकळें देऊं नये. एखादी खोली किंवा खोलीचा भाग द्यावा, आणि तो त्यानें आपला मानला कीं मग दुसरा. झोंपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्याल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला पट्टा लावून दर वेळीं त्याच जागीं न्यावें, आणि तेथें घाई न करतां उभें राहावें. दोन महिन्यांचें पिलूं दिवसां दोन तासांहून अधिक धीर धरील अशी अपेक्षा करूं नये. रात्रींहि त्याच्यासाठीं एकदां उठावें लागतें. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या म्हणजे बाहेर जाण्याच्या वेळाहि आपोआप ठरतात. त्यानें योग्य जागीं विधि उरकला कीं त्याच क्षणीं गोड शब्द आणि खाऊचा एक घास द्यावा. घरांत परत आल्यावर दिलेल्या घासाचा संबंध त्याला लागत नाहीं. जमिनीचा वास घेत गोल फिरणें किंवा एकाएकीं खेळ सोडून दाराकडे जाणें, या त्याच्या खुणा ओळखाव्यात. चूक झालीच तर जागा आधीं पाण्यानें व साबणानें धुवावी, आणि मग वास नाहींसा करणारें द्रव्य वापरावें. नुसतें फिनेल आपल्या नाकाला फसवितें, कुत्र्याच्या नाकाला नाहीं. आणि अमोनिया असलेलें द्रव्य तर मूत्राच्या वासाशीं मिळतेंजुळतें म्हणून उलट परिणाम करतें. पिलाच्या लसी पुऱ्या झाल्या नसतील तर इतर कुत्रीं फिरतात त्या जागीं त्यास नेऊं नये; परसांतला किंवा गच्चीवरचा एखादा कोपरा त्यासाठीं राखावा.

रस्त्यावरचें प्रौढ कुत्रें घरीं आणणारास वाटतें कीं याला आतां काय शिकवावयाचें! वास्तविक तें पुष्कळदां पिलाहून लवकर शिकतें. त्याचें मूत्राशय पूर्ण वाढलेलें असतें, आणि माती किंवा गवत यांवर जाण्याची संवय त्याला आधींपासूनच असते. त्याला फरशीवर जावयाचें नसतें. त्याला माती सांपडत नसते. पहिले कांहीं दिवस वेळेवर त्यास मातीपर्यंत नेलें कीं बहुतेक काम झालें. मात्र नवा मनुष्य जवळ येतांच किंवा आवाज चढतांच त्याचें मूत्र सुटत असेल, तर तें भयामुळें होतें. तेथें दटावणी केल्यास तें वाढतें. आणि नीट शिकलेलें कुत्रें एकाएकीं घरांत करूं लागलें तर काठी शोधण्याऐवजीं पशुवैद्याकडे जावें, कारण मूत्रमार्गाच्या विकाराची ती खूण असूं शकते.

काठीविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. चूक झाली कीं कुत्र्याचें नाक त्या जागीं घासावयाचें आणि वर एक रट्टा द्यावयाचा, ही समजूत आपल्याकडे आणि परदेशांतहि फार पसरलेली आहे. जर्मनींत पोलिसांसाठीं कुत्रीं तयार करणाऱ्या कॉनराड मोस्ट यानें १९१० सालीं या शिक्षणावर ग्रंथ लिहिला; त्यांत बक्षिसाला स्थान आहे, तसें सक्तीलाहि पुष्कळ आहे. पण तत्पूर्वींच अमेरिकेंत थॉर्नडाईक यानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं दाखविलें होतें कीं, ज्या कृतीमागून लगेच सुख मिळतें ती प्राण्यांत दृढ होते. १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यानें तर कुत्र्यांवरच प्रयोग करून खूण आणि अनुभव यांची सांगड कशी पडते हें सिद्ध केलें. हा ‘लगेच’ शब्द महत्त्वाचा आहे. तासाभरानें दिलेल्या शिक्षेंतून कुत्रें एवढेंच शिकतें कीं धनी घरीं आला म्हणजे भीति वाटते, आणि विधि धन्याच्या दृष्टीआड उरकावा. मग तें पट्ट्यावर नेलें असतां कांहींच करीत नाहीं, आणि घरीं परतल्यावर पलंगामागें जातें. लोक म्हणतात, याला आपला अपराध कळतो, याचें तोंडच सांगतें. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं कुत्र्याचा तो ओशाळा चेहरा अपराधाशीं निगडित नसून धन्याच्या रागावण्याशीं निगडित असतो. अपराध न केलेलीं कुत्रींहि रागावलें असतां तसाच चेहरा करतात. याच जिल्ह्यांतील तेर हें गोरोबा कुंभारांचें गांव. ओल्या मडक्याला बाहेरून थापटतांना कुंभाराचा दुसरा हात आंतून आधाराला असतो. आधारावांचून थापटलें तर मडकें फुटतें. दटावणीपूर्वीं विश्वास पाहिजे तो एवढ्यासाठीं.

घरांतलें कुत्रें आणि बाहेरचें कुत्रें यांत भेद करूं गेल्यास किती अनर्थ होतो, याचें एक जुनें उदाहरण मुंबईचें आहे. कंपनी सरकारच्या अमदानींत मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम निघाला आणि दर कुत्र्यामागें बक्षीस ठेवण्यांत आलें. बक्षिसाच्या आशेनें पाळलेलीं कुत्रींहि मारलीं जाऊं लागलीं, तेव्हां कुत्र्यास पवित्र मानणारा पारशी समाज खवळला आणि ६ जून १८३२ रोजीं शहरांत दंगा झाला. लोकांचें भय मात्र अगदींच निराधार नव्हतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चरनें लस प्रथम मनुष्यास टोंचली ती १८८५ सालीं, आणि हिंदुस्थानांत कसौली येथें त्यासाठीं संस्था निघाली ती १९०० सालीं. त्यापूर्वीं कुत्र्याला दाराबाहेर ठेवण्यांत सोंवळ्याइतकेंच शहाणपणहि होतें. आज लस सर्वत्र मिळते. म्हणून कुत्र्यास घरांत घेणाऱ्यानें ती वेळेवर टोंचून घेणें हें त्याचें पहिलें कर्तव्य होय. आणि घेतलेलें कुत्रें वाऱ्यावर सोडणें ही केवळ निर्दयता नव्हे; उपासमारीनें किंवा तहानेनें त्याचे हाल होतील अशा स्थितींत त्यास सबळ कारणावांचून टाकणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. दायमाबादच्या रथावर उभें असलेलें कुत्रें उघड्या वाटेचें होतें. आतकूरचें रानाचें होतें. नळदुर्गच्या खंडोबाचें दाराचें आहे. तीन हजारांहून अधिक वर्षें ज्या प्राण्यास आपण घराच्या बाहेरचे नियम शिकविले, त्याला आतां आपण होऊन घरांत बोलाविलें आहे. तें स्वतः आलेलें नाहीं. बोलावणारानें पाहुण्यास घराची रीत चार-सहा आठवडे शांतपणें दाखविणें, आणि पिलूं असेल तर चार-सहा महिने, यांत उपकार कांहीं नाहीं. ज्या घरास एवढी सवड नसेल त्यानें मुलांचा हट्ट पुरविण्यापूर्वीं दहादां विचार करावा. ज्यास ती असेल त्यास असें आढळेल कीं, पहांटे त्याच वेळीं उठणें, त्याच जागीं जाणें, न चिडणें आणि चूक मुकाट्यानें पुसून टाकणें, हें वळण कुत्र्याच्या आधीं घरच्या माणसांसच लागतें. आणि तें एकदां लागलें म्हणजे कुत्र्यास शिकावयाचें असें फारसें कांहीं उरत नाहीं.